संशोधन-सामग्रीची पूर्वयोजना : तीन जुन्या उदाहरणांचें परीक्षण

संशोधनाचें कार्य हातीं घेण्यापूर्वीं त्यांत गोळा होणाऱ्या सामग्रीची व्यवस्था कशी लावणार, हें लिहून मागण्याची पद्धत अलीकडे सर्वत्र रूढ होत चालली आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें जानेवारी २०११ पासून प्रत्येक अर्जासोबत अशी दोन पानांची योजना घेण्यास आरंभ केला. पुढें २०१६ सालीं कांहीं विद्वानांनीं उत्तम सामग्रीचीं चार लक्षणें सांगितलीं : ती शोधतां यावी, हातीं येऊं शकावी, दुसऱ्या सामग्रीशीं जुळावी आणि पुन्हा उपयोगांत आणतां यावी. आपल्याकडे २००३ सालीं राष्ट्रीय पांडुलिपि मिशन स्थापन झालें, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत 'ज्ञान भारतम्' या नांवानें एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करण्याचा संकल्प जाहीर झाला. त्यांत खासगी संग्राहकांचाहि समावेश आहे. तेव्हां या त्रैमासिकाच्या वाचकांच्या कपाटांतील पोथ्यांपर्यंत हा विषय येऊन पोंचला आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

अशा कांहीं योजना गेल्या तीन-चार वर्षांत माझ्या पाहण्यांत आल्या. त्यांतील मराठीविषयीं येथें बोलत नाहीं. आशयाचा दोष मात्र सांगितला पाहिजे. 'सामग्री सुरक्षित ठिकाणीं ठेविली जाईल', 'योग्य ती नोंद केली जाईल', 'अभ्यासकांस उपलब्ध करून दिली जाईल' : सर्व क्रियापदें कर्मणि, आणि कर्ता कोठेंच नाहीं. व्याकरणाच्या वर्गांत मी मुलांस सांगत असें कीं कर्मणि प्रयोगांत कर्ता लपतो, नाहींसा होत नाहीं. या योजनांत तो खरोखरच नाहींसा झालेला आहे. कोण ठेवील, कोणत्या खोलींत ठेवील, तो निवृत्त झाल्यावर किल्ली कोणाकडे जाईल, याचें उत्तर मिळत नाहीं. लिहिणारांची समजूत अशी दिसते कीं हें एक परदेशी कर्मकांड आहे; तें यथाविधि उरकलें म्हणजे खऱ्या कामास लागतां येतें. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची कशी, हें आपल्याच प्रांतांतील व पुण्यांतील तीन जुन्या उदाहरणांवरून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पहिलें उदाहरण नागपूरचें. मध्यप्रांतांतील संस्कृत हस्तलिखितांची छापील यादी १८७४ सालीं नागपूर येथें निघाली. तिचे संपादक डॉ. कीलहॉर्न, ते त्या काळीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत अध्यापक होते. तिच्यांतील माहिती पुढें आउफ्रेष्ट यांनीं आपल्या महासूचींत घेतली, आणि त्यामुळें आमच्या गल्लींतील पोथ्यांचीं नांवें १८९१ सालीं युरोपांत छापून निघालीं. त्यानंतर बावन्न वर्षांनीं, १९२६ सालीं, रायबहादुर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुरासच प्रसिद्ध झाली. या दोन ग्रंथांवांचून विदर्भांतील पोथ्यांविषयीं एक पाऊलहि टाकतां येत नाहीं, हें प्रथम कृतज्ञतेनें नमूद करतों. पुढें जें लिहिणार आहें तें त्या ऋणाची जाणीव ठेवूनच.

(रायबहादुर हिरालाल आणि प्रा. हिरालाल जैन हे दोन भिन्न गृहस्थ होत. पहिले कटनीकडील, शिलालेखांचे व लोकजीवनाचे अभ्यासक, १९३४ सालीं वारले. दुसरे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयांतील संस्कृतचे प्राध्यापक व अपभ्रंश भाषेचे पंडित. दोघांचाहि संबंध याच सूचीशीं व कारंज्याच्या भांडारांशीं येतो. त्यामुळें एकाचें श्रेय दुसऱ्यास दिल्याचें मीं छापील लेखांतून अनेकदां पाहिलें आहे. केवळ नांव लिहिलें म्हणजे ओळख पटत नाहीं, याचें यापेक्षां घरचें उदाहरण कोणतें द्यावें?)

१९२६ च्या सूचींतील कारंज्याच्या जैन भांडारांचा भाग पाहावा. तेथें केवळ ग्रंथनाम व कर्ता देऊन न थांबतां निवडक ग्रंथांचे उतारे दिले आहेत. त्याचें फळ लवकरच मिळालें. पुष्पदंताचा अपभ्रंश 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनीं १९३१ सालीं कारंजा ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला. 'णायकुमारचरिउ' व 'करकंडचरिउ' हे ग्रंथ प्रा. हिरालाल जैन यांनीं १९३३ व १९३४ सालीं काढले. सात-आठ वर्षांत एका अप्रसिद्ध भाषेचें वाङ्मय उजेडांत आलें. याचें कारण नोंदींत ग्रंथाचा अंश होता आणि पोथ्या एका संस्थेच्या, म्हणजे मंदिराच्या भांडाराच्या, ताब्यांत स्थिर होत्या.

आतां सूचीचा दुसरा भाग पाहावा. घरोघरच्या संस्कृत पोथ्यांची नोंद तेथें बहुतांशीं एकेका ओळीची आहे : ग्रंथ, कर्ता, गांव, मालक. १९२६ सालीं हें पुरेसें होतें. अमुक शास्त्री महालांत राहतात, हें सर्व नागपुरास ठाऊक असे. परंतु मालकाचें नांव ही पोथीची ओळख नव्हे; तो तिचा त्या दिवसाचा पत्ता आहे. दोन पिढ्यांत वाडा वांटला जातो, एक भाऊ पुण्यास जातो, दुसऱ्याच्या मुली सासरीं जातात, पोथ्यांचें बासन माळ्यावरून अडगळींत व अडगळींतून रद्दींत जातें. 'मुहूर्तमार्तंड, एक प्रत' एवढ्या नोंदीवरून आज समोर आलेली मुहूर्तमार्तंडाची प्रत तीच कीं दुसरी, हें कोणी सांगूं शकेल काय? पत्रसंख्या, लेखनशक, लेखकाचें नांव, आदि व अंत, यांपैकीं दोन जरी दिलीं असतीं तरी ओळख पटली असती. माझें मत असें झालें आहे कीं घरगुती पोथ्यांपुरती ही सूची पोथी शोधण्याच्या कामीं आतां निरुपयोगी आहे, पण पोथी होती हें सिद्ध करण्याच्या कामीं अमोल आहे. कर्त्यास बहुधा पहिला उपयोग अभिप्रेत होता.

येथें शाळेंतील एक गोष्ट आठवते. शाळेचें जनरल रजिस्टर, ज्यास पूर्वीं दाखल-खारीज म्हणत, त्यांत प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक मिळतो. मुलगा शाळा सोडून गेला, नापास झाला, दत्तक जाऊन त्याचें आडनांव पालटलें, तरी तो क्रमांक दुसऱ्या कोणास देत नाहींत. चूक झाली तर खोडरबर चालत नाहीं. तांबड्या शाईनें दुरुस्ती करून मुख्याध्यापकानें सही करावयाची, आणि जुनें अक्षर वाचतां आलें पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वींच्या विद्यार्थ्याचा दाखला मागावयास त्याचा नातू आला, आणि तो दाखला पाऊण तासांत निघाला, असें मीं स्वतः पाहिलें आहे. हें साधलें तें शाळा मोठी होती म्हणून नव्हे. क्रमांक पत्त्यावर अवलंबून नव्हता म्हणून.

दुसरें उदाहरण इतिहासाचार्य राजवाडे यांचें. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड निघाला आणि एकंदर बावीस खंड प्रसिद्ध झाले. एवढे कागद एका माणसानें, द्रव्यबळ नसतां, पायीं हिंडून मिळविले व छापले, हें ज्यास क्षुल्लक वाटेल त्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. कागद नष्ट होत आहेत, तेव्हां आधीं छापा, व्यवस्था मागाहून, हें त्यांचें धोरण आणीबाणीचें होतें, आणि त्या आणीबाणींत तें योग्य होतें. परंतु त्यांच्याच चरित्रांतील एक प्रकरण दुसऱ्या बाजूनें साक्ष देतें. १९०९ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व म्हणून जी प्रत छापली, तिची मूळ पोथी बीडजवळील पाटांगण येथें मिळाल्याचें त्यांनीं सांगितलें. तीवरून त्यांनीं ज्ञानेश्वरीचें व्याकरण रचिलें. पुढें १९६० सालीं महाराष्ट्र शासनानें राजवाडे-संहितेच्या आधारें ज्ञानेश्वरीची आवृत्ति काढली. मात्र ती मूळ पोथी मागील अभ्यासकांस पाहावयास राहिली नाहीं. म्हणजे कागद, शाई, अक्षराचें वळण, खाडाखोड, दोन हातांचें लेखन आहे कीं एका, या गोष्टी तपासण्याचा मार्ग बंद झाला. पाठाच्या जुनेपणाविषयीं जे वाद झाले ते अंतर्गत पुराव्यावरच लढवावे लागले, आणि अंतर्गत पुरावा दोन्ही पक्षांस सारखाच उदार असतो. राजवाड्यांच्या प्रामाण्याविषयीं येथें शंका घेत नाहीं. उलट म्हणणें असें कीं अतिशय प्रामाणिक माणसाचेंहि म्हणणें मूळ साधन हातीं नसल्यास पुढील पिढीस केवळ श्रद्धेनें स्वीकारावें किंवा नाकारावें लागतें. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते वारले. नंतर १९२७ सालीं धुळें येथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन होऊन त्यांच्या संग्रहास घर मिळालें. जें काम कर्त्याच्या हयातींत योजनेनें व्हावयाचें तें त्याच्या मृत्यूनंतर मित्रांच्या प्रेमानें झालें. प्रत्येकास असे मित्र मिळतीलच असें नाहीं.

तिसरें उदाहरण सर्वांत मोठें, आणि त्यावर थोडें अधिक थांबणें जरूर आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालीं स्थापन झालें. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रारंभ १ एप्रिल १९१९ रोजीं डॉ. रामकृष्णपंत भांडारकर यांच्या हस्तें झाला. औंधाच्या पंतप्रतिनिधींनीं त्यासाठीं मोठें साहाय्य कबूल केलें होतें. पहिलीं कांहीं वर्षें चांचपडण्यांत गेलीं, श्री. उत्गीकर यांनीं १९२३ सालीं विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ति विद्वानांच्या अभिप्रायार्थ काढली. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं सूत्रें हातीं घेतलीं आणि १९३३ सालीं आदिपर्व पुरें झालें. त्यास जोडलेली प्रस्तावना पाठचिकित्सेचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या मतें ती सामग्रीच्या व्यवस्थेचीहि उत्तम योजना आहे, आणि या दृष्टीनें ती क्वचितच वाचली जाते.

पोथ्या मिळविण्याची पद्धत काय होती, तें पाहा. फुलस्केप कागदावर आडव्या व उभ्या रेघा आखून चौकटी करीत. माथ्यावर प्रचलित संहितेचा श्लोक लिहीत. त्याखालीं प्रत्येक पोथीस एक ओळ नेमून दिलेली. त्या ओळींत, जेथें भेद असेल तेथेंच, ज्या अक्षराशीं भेद असेल बरोबर त्याच्या खालच्या चौकटींत, भिन्न अक्षर भरीत. उजवीकडे चार इंच रुंद जागा शेरा व अधिक श्लोक यांसाठीं राखलेली. हें काम पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथेंहि चाले, कारण तेथील लिपींच्या पोथ्या वाचणारे तेथेंच होते. पण कागदाची आंखणी तीच. एक मनुष्य बंगाली पोथी वाचतो, दुसरा ग्रंथलिपींतील, दोघांची भेट कधींहि होत नाहीं, आणि तरी दोघांचें काम एकाच्या खालीं एक येऊन बसतें. सामग्री दुसरीशीं जुळावी हें जें लक्षण २०१६ सालीं सांगितलें गेलें, तें पुण्यांत रूळ व पेन्सिल घेऊन साधलें होतें.

पोथ्यांस दिलेलीं चिन्हेंहि अशींच विचारपूर्वक योजिलेलीं आहेत. मालकाच्या नांवावरून किंवा गांवावरून नव्हे, तर लिपीवरून : शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम्, आणि प्रत्येक वर्गांत अनुक्रमांक. चिन्ह पाहतांच पोथीचें कुल कळतें. ती कोठून आणली हें प्रस्तावनेंतील वर्णनांत पाहावें. लिपि म्हणजे परंपरा नव्हे, देवनागरी पोथ्यांत सर्व प्रकारची सरमिसळ आहे, हें सुखठणकरांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. पाठ जेथें निश्चित वाटला नाहीं तेथें त्यांनीं अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली. गाळलेले श्लोक तारांकित करून तळटीपेंत व मोठे भाग परिशिष्टांत दिले; फेंकून कांहींच दिलें नाहीं. किती पोथ्या कोणत्या भागासाठीं ताडल्या हेंहि लपविलें नाहीं : किमान दहा, अनेक भागांस वीस, कांहींस तीस, क्वचित् चाळीस, आणि पहिल्या दोन अध्यायांस साठ. ज्या संपादकास आपला निर्णय चुकूं शकतो हें मान्य आहे, तोच दुसऱ्यास निर्णय बदलण्याचें साहित्य देतो.

या व्यवस्थेची कसोटी दोनदां लागली. मागाहून नेपाळांतून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली. ती छापील संहितेशीं ताडून सुखठणकरांनीं १९३८ च्या सुमारास निबंध लिहिला आणि त्यांच्या निर्णयांस त्या पोथीनें बळकटी दिली. आधींची मांडणी अशी होती म्हणूनच नव्या साक्षीदारास कोठें उभें करावें हें ठरलेलें होतें. दुसरी कसोटी दुःखाची. २१ जानेवारी १९४३ रोजीं सुखठणकर अकस्मात् वारले. सामग्री त्यांच्या डोक्यांत किंवा त्यांच्या घरच्या पेटींत असती तर काम तेथेंच संपलें असतें. डॉ. बेलवलकर यांनीं तें पुढें चालविलें, त्यांच्यामागून कारंज्याच्या 'जसहरचरिउ'चेच संपादक डॉ. वैद्य आले, आणि १९६६ सालीं, सत्तेचाळीस वर्षांनीं, १२५९ पोथ्या पाहून तें समाप्त झालें. मधल्या पर्वांचे संपादकहि निरनिराळे : विराटपर्व डॉ. रघुवीर (जे पुढें कांहीं वर्षें आमच्या नागपुरासच होते), उद्योगपर्व डॉ. दे, सभापर्व अमेरिकेंतील एजर्टन. एजर्टन यांनीं पुण्याचे आंखलेले कागद घेऊन काम करावें, यांत मला त्या पेन्सिलीच्या रेघांचा विजय दिसतो.

मग यांत दोष नाहींच काय? आहे. छापील टीपांत येणारे पाठभेद हे मूळ कागदांवरील नोंदींचें निवडलेलें रूप आहे. लेखनिकाच्या किरकोळ चुका त्यांतून वगळाव्या लागल्या. परंतु दोन पोथ्या एकाच मातेच्या मुली आहेत कीं नाहींत, हें पुष्कळदां त्या किरकोळ चुकांवरूनच ओळखतें. तेव्हां ते आंखलेले कागद स्वतः एक स्वतंत्र साधन आहेत. तें एका ठिकाणीं, एका प्रतींत असणें किती धोक्याचें, हें ५ जानेवारी २००४ च्या सकाळीं आपण सर्वांनीं जाणलें. त्या दिवशीं जमावानें भांडारकर संस्थेंत शिरून पोथ्या, ग्रंथ व सामान यांची नासधूस केली. सुखठणकरांच्या योजनेंत मनुष्याच्या मृत्यूची तरतूद होती. इमारतीवरील आघाताची नव्हती. १९३३ सालीं ती सुचावयास हवी होती असें मी म्हणत नाहीं. आज ती न सुचणें मात्र अक्षम्य आहे. पुढें महाभारताची संहिता संगणकावरहि आली, जपानांतील प्रा. तोकुनागा यांनीं ती भरली व केंब्रिजच्या डॉ. स्मिथ यांनीं शोधली. फार मोठा उपकार. तथापि नागमोडी रेघ व तळटीप यांवांचून केवळ संहिता वाचणाऱ्या तरुणांस ती व्यासांनीं सांगितली तशीच्या तशी हातीं आली असें वाटूं लागतें, हा अनुभव मला वारंवार येतो.

डेक्कन कॉलेजांतील संस्कृत कोशाचें काम डॉ. कत्रे यांनीं १९४८ सालीं योजिलें. तेथें सुमारें दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या काढल्या गेल्या, आणि पहिला भाग १९७६ सालीं बाहेर पडला. त्याचें सविस्तर परीक्षण करण्यास हें स्थळ नव्हे. एकच सांगतों : चिठ्ठी लिहिणारा व कोश लिहिणारा यांच्यामध्यें तेथें दोन पिढ्यांचें अंतर पडलें, आणि तरी चिठ्ठी वाचतां येते.

आतां माझ्या स्वतःच्या अपराधाकडे वळतों. हा लेख लिहिण्यास तोच कारण आहे.

निवृत्तीनंतर थोड्याच काळानें एका संस्थेनें आमच्या जिल्ह्यांतील पोथ्यांचीं छायाचित्रें घेण्याचें काम काढलें. पोथ्या वाचून ग्रंथनाम सांगण्यासाठीं मला बोलाविलें. एका वैदिक घराण्यांत आम्ही तीन दिवस बसलों. पोथ्या पांढऱ्या बासनांत बांधलेल्या, अक्षर सुरेख, बहुतेक एकाच हातचें. मी वाचीत होतों व माझ्या वहींत नांवें लिहीत होतों. दोन तरुण छायाचित्रें घेत होते. त्यांच्या यंत्रांत चित्रांस आपोआप क्रमांक पडत. माझ्या वहींत मीं माझे क्रमांक घातले. दोन्ही क्रमांक एकमेकांशेजारीं लिहावेत हें मला सुचलें नाहीं, त्यांनाहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं वीज गेली, आम्ही ओसरीवर आलों, बासनांचा क्रम बदलला. पुढें संस्थेंत चित्रें एका यंत्रांतून दुसऱ्यांत नेतांना सर्वांस पुन्हा एकपासून क्रमांक दिले गेले. आणि याहून वाईट असें कीं चित्रें नीटस दिसावीं म्हणून कडा कापल्या.

पोथी हाताळणाऱ्या वाचकांस या शेवटल्या वाक्याचा अर्थ सांगावयास नको. लेखक प्रत्येक पानाच्या मागील बाजूस समासांत ग्रंथनामाचा संक्षेप व पत्रांक लिहितो. पानें सुटीं असतात, वारा येतो, मूल पाय लावतें; म्हणून प्रत्येक पान आपलें नांव व जागा स्वतः सांगेल अशी ती तजवीज. शेवटीं तो बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' या मापानें एकंदर ग्रंथसंख्या देतो. त्यावरून मजुरीचा हिशेब होतो, आणि पानें गळलीं कीं काय याचा पडताळाहि. वैदिकांनीं तर सूक्तें व ऋचा मोजून अनुक्रमण्या केल्या, आणि पद, क्रम, जटा, घन अशा रीतीनें तेंच अक्षर पुन्हा पुन्हा उलटसुलट म्हणून चूक शिरण्यास वाव ठेविला नाहीं. आतां संगणकवाले प्रत्येक चित्रास एक पडताळा-अंक देतात. एक ठिपका बदलला तरी तो अंक बदलतो. कल्पना जुनीच. ज्या लेखकास आम्ही अडाणी लेखनिक म्हणतों त्यानें आपल्या सामग्रीची योजना पानोपानीं लिहून ठेविली होती, आणि ती आम्ही नीटसपणासाठीं कापून टाकली.

तीन वर्षांनीं चूक ध्यानांत आली, तेव्हां मी त्या घरीं पुन्हा गेलों. वाडा पाडून इमारत बांधण्याचें चाललें होतें. पोथ्यांविषयीं विचारतां घरच्या वडील गृहस्थांनीं अत्यंत सरळपणें सांगितलें, "गुरुजी, तुमच्याकडे फोटो आहेतच ना सगळे? म्हणून आम्ही यथाविधि नदींत सोडल्या." त्यांना दोष देण्यास माझ्याजवळ तोंड नव्हतें. मीं त्यांस पोथी ठेवा असें सांगितलें नव्हतें. चित्र म्हणजे पोथी नव्हे, असेंहि सांगितलें नव्हतें. घेतलेल्या संमतीच्या कागदावर छायाचित्र घेण्यास हरकत नाहीं एवढेंच होतें. पुढें पोथीचें काय करावें, हा प्रश्न योजनेंत नव्हताच.

तेव्हांपासून कोणतीहि योजना समोर आली कीं मी एकच प्रश्न विचारतों : काम चालूं असतां आणि काम संपल्यावर, एक पान हरवलें तर तें हरवलें हें कोणास व कसें कळेल? याचें उत्तर ज्या योजनेंत असेल ती दोन ओळींची असली तरी चांगली. आमच्या वाडींत मालवाहतुकीचीं गोदामें पुष्कळ आहेत. अमरावती रस्त्यानें रात्रंदिवस गाड्या चालतात. तेथील कारकुनास कोणी योजना लिहावयास सांगत नाहीं. पण मालाच्या प्रत्येक नगावर खडूनें वा रंगानें क्रमांक असतो, तोच बिल्टीवर असतो, बिल्टीची एक प्रत पाठविणाऱ्याकडे, एक गाडीबरोबर, एक कचेरींत. गाडी उलटली तरी काय बुडालें हें सांगतां येतें. एका पोत्याची जेवढी काळजी तेथें घेतली जाते तेवढी आम्ही त्या वैदिकाच्या पोथ्यांची घेतली नाहीं.

संग्राहक बंधूंस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पोथी कोणाकडून मिळाली हें लपविण्याची आपल्यांत जुनी खोड आहे. प्रतिस्पर्धी तेथें जाईल, मालक किंमत वाढवील, ही भीति निराधार नाहीं. परंतु ज्याचें मूळ कळत नाहीं तो कागद इतिहासाच्या कामीं अर्धा मरतो. आज सांगावयाचें नसेल तर बंद पाकिटांत लिहून पोथीबरोबर ठेवावें आणि वर अमुक सालापर्यंत उघडूं नये असें लिहावें, पण लिहावें. तसेंच सर्व कांहीं कायमचें राखावें हा आग्रहहि व्यवहारांत टिकत नाहीं. सरकारी दप्तरांत कागदांचे वर्ग असतात : 'अ' कायम, 'ब' तीस वर्षें, 'क' दहा, 'ड' एक वर्ष. हा विभाग संशोधकांनीं आपल्या सामग्रीस लावण्याजोगा आहे. मूळ चित्र, मूळ वही, क्रमांकांचा तक्ता हीं 'अ'. कापलेलीं नीटस चित्रें खुशाल 'ड' मध्यें घालावीं. आमच्या हातून याच्या नेमकें उलट झालें.

त्या चित्रांच्या संचापैकीं बरेंचसें काम मीं गेल्या दोन हिवाळ्यांत अर्थसंगतीवरून लावलें आहे. एका पानाचें शेवटलें अर्धें पद दुसऱ्या पानाच्या पहिल्या अर्ध्याशीं जुळवावयाचें. धर्मशास्त्राच्या निबंधांत हें जमतें, कारण वचनें परिचित असतात. प्रयोगग्रंथांत जमत नाहीं, तेथें तींच वाक्यें पन्नास ठिकाणीं येतात. अद्याप एकसष्ट पानें कोणत्याहि ग्रंथांत बसलेलीं नाहींत. त्यांपैकीं एकावर अक्षर निराळें, जाड बोरूचें आहे आणि मधोमध तेलाचा डाग आहे. घरांतील कोणी तरी तें नित्य वाचीत असावें. १९२६ च्या सूचींत ज्यांच्या घराण्याची नोंद आहे अशा वाचकांनीं आपल्याकडे उरलेल्या पोथ्यांच्या बासनांत सूचींतील क्रमांक, पत्रसंख्या व आजची तारीख यांची चिठ्ठी घालून तिची एक प्रत या त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठविल्यास, त्या एकसष्ट पानांशीं ताडून पाहण्याचें काम मी आनंदानें करीन. शक्यतों पावसाळ्यापूर्वीं पाठवावी. माझी दृष्टि आतां पूर्वींसारखी राहिली नाहीं, आणि ढगाळ दिवशीं मला जाड बोरूचें अक्षरहि नीट वाचवत नाहीं.